गाडी ‘एअर घेते’ तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)



सिग्नलला गाडी उभी राहते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असतो आणि स्टिअरिंग थरथरू लागते. आरसा हलतो, त्यातली मागची एक मोटारसायकल दोन दिसू लागते. डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलावतो. इंजिन धापा टाकते, आता बंद पडणार असे वाटते. तेवढ्यात सिग्नल हिरवा होतो, तुम्ही रेस देता आणि गाडी अशी पळू लागते की जणू काही झालेच नव्हते. ज्यांच्या दारात जुनी पेट्रोल गाडी आहे, त्यांना हे वर्णन नवीन नाही. आज मी याच थरथरीविषयी बोलणार आहे.

मी आयटीआयमध्ये ३१ वर्षे मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. ही थरथर कशाने होते, ती कशी शोधायची, हे फळ्यावर चित्रे काढून मी शेकडो मुलांना सांगितले असेल. आणि तरीही २०१० साली माझ्या स्वतःच्या गाडीतली ही थरथर मला अडीच महिने सापडली नाही. सापडली तेव्हा लक्षात आले की त्या अडीच महिन्यांत मी माझा आणि घरच्या माणसांचा जीव धोक्यात घालून हिंडत होतो. म्हणून हे भाषण शिक्षकाचे कमी आणि चुकलेल्या माणसाचे जास्त आहे, असे समजा.

आधी ‘आयडलिंग’ म्हणजे काय ते पाहू. गाडी उभी असताना, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन आपल्या आपण जे फिरत राहते, ते आयडलिंग. लहान पेट्रोल गाडीत ते साधारण मिनिटाला आठशे ते नऊशे फेरे असते. ८५० फेरे धरा. आपली इंजिने चार स्ट्रोकची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा ठिणगी पडते. हिशेब केला तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला सात वेळा पेट्रोल आणि हवेचा घास मिळायला हवा आणि तो पेटायला हवा. त्यातला एखादा घास पेटला नाही तर तुम्हाला झटका जाणवतो. वेगात असताना असा एखादा घास चुकला तर मागच्या जोरावर निभावून जाते. उभ्या गाडीत इंजिनाकडे तो मागचा जोर नसतो. अशक्त माणसाला एका जेवणाची चूकही सोसत नाही, तसे हे आहे.

आता या घासात काय असते? पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. वजनाचे गणित डोळ्यांपुढे येत नाही म्हणून लिटरमध्ये सांगतो. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणजे आपण टाकीत पेट्रोल भरतो खरे, पण गाडी मुख्यतः हवेवर चालते. फक्त हवेचे बिल येत नाही, म्हणून तिच्याकडे आपले लक्ष जात नाही.

ही हवा आत कशी येते? इंजिनातला पिस्टन खाली जातो आणि हवा ओढतो. हवेच्या वाटेवर कार्बोरेटरमध्ये एक चकती असते, तिला थ्रॉटल म्हणतात. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते. पाय काढला की जवळजवळ बंद होते. म्हणजे आयडलिंगला असे होते की आतून पिस्टन जोराने ओढतो आहे आणि दार जवळजवळ लावलेले आहे. त्यामुळे थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामधल्या नळीत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा फार कमी होतो. यालाच व्हॅक्यूम म्हणतात. आपण त्याला ‘ओढ’ म्हणू.

शहाळ्याचे पाणी तुम्ही नळीने पिता. ती नळी मध्येच चिरलेली असेल तर काय होते? तुम्ही ओढता, गाल आत जातात, पण तोंडात पाण्याबरोबर हवा येते. शहाळ्यात पाणी भरपूर असते आणि तुमची ओढण्याची ताकदही शाबूत असते. दोष असतो फक्त मधल्या चिरेचा. मॅनिफोल्डला किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या रबरी पाइपला चीर गेली की अगदी हेच होते. कार्बोरेटरमधून न येता चोरवाटेने हवा आत शिरते. या हवेबरोबर पेट्रोल येत नाही, कारण कार्बोरेटरला तिचा पत्ताच नसतो. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते. मग काही घास पेटतात, काही पेटत नाहीत. आपले गॅरेजवाले याला नेमके नाव देतात. ते म्हणतात, “साहेब, गाडी एअर घेते.”

आता माझी गोष्ट. माझी गाडी १९९६ सालची, तीन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. नाव सांगायची गरज नाही. त्या काळी साताऱ्यात आमच्या गल्लीत दोन दारे सोडली की तिसऱ्या दारात तीच गाडी असायची. तीन सिलिंडरचे इंजिन मुळातच चार सिलिंडरच्या इंजिनाइतके शांत नसते. थोडी थरथर त्याच्या अंगचीच असते. त्यामुळे २०१०च्या जुलैमध्ये ती जरा वाढली तेव्हा ‘वय झाले आता हिचे’ असे म्हणून मी सोडून दिले.

ऑगस्टमध्ये गाडी सिग्नलला बंद पडू लागली. मी स्वतः बॉनेट उघडायला हवे होते; पण निवृत्त झालो होतो, कंटाळा केला आणि घराजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी दोन मिनिटे ऐकले आणि कार्बोरेटरवरचा आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. पैसेसुद्धा घेतले नाहीत. थरथर गेली! आठवड्याने परत आली. दुसऱ्या गॅरेजमध्ये कार्बोरेटर खोलून साफ झाला, प्लग बदलले, अठराशे रुपये झाले. चार दिवस बरे वाटले. पुन्हा थरथर, पुन्हा स्क्रू. या मेकॅनिकना मी दोष देत नाही. गिऱ्हाइकाला थरथर नको होती, त्यांनी ती घालवून दिली.

स्क्रू पिळल्याने थरथर का जाते, हे नीट समजून घ्या, कारण सगळी फसगत इथेच होते. स्क्रू पिळला की थ्रॉटल थोडा उघडतो. कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल दोन्ही जास्त येऊ लागतात. चोरवाटेची हवा तेवढीच राहते, पण एकूण मिश्रणात तिचा वाटा घटतो. म्हणून इंजिन सावरते. ताप आल्यावर गोळी घेतली की ताप उतरतो, पण ज्या कारणाने आला ते कारण तसेच राहते. तसाच हा प्रकार. चीर रोज केसाकेसाने वाढत असते आणि आपण रोज स्क्रू पिळत असतो.

त्याच सप्टेंबरात पुण्याहून साडू आणि मेहुणी आले. कासच्या पठारावरची फुले बघायला म्हणून आम्ही चौघे गेलो. परत येताना यवतेश्वरच्या घाटात उतारावर मी ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखे. पाय पूर्ण रेटून, सीटला पाठ टेकवून दाबले तेव्हा गाडीचा वेग कमी झाला. वळणावर समोरून एसटी आली. गाडी थांबली, पण जिथे थांबवायची होती तिथे नाही, त्याच्या बरीच पुढे. कोणाला काही झाले नाही. मागे बसलेल्यांना तर ते फारसे कळलेही नाही. मी मात्र उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये, घामाने भिजून उतरलो.

खरे सांगायचे तर ब्रेक जड लागतो हे मला महिना-दोन महिने जाणवत होते. माझा उजवा गुडघा दुखतो, म्हणून जोर कमी पडत असेल, अशी मी स्वतःची समजूत काढली होती. त्या रात्री जेवताना मी सौ.ला हे सगळे सांगितले. इंजिनाची थरथर वेगळी, ब्रेकचे वेगळे, आता दोन्हीचा खर्च येणार, असा माझा सूर होता. तिने आमटी वाढता वाढता विचारले, “अहो, पण ही दोन्ही दुखणी एकदमच कशी सुरू झाली?”

श्रोतेहो, ३१ वर्षे शिकवलेला माणूस त्या प्रश्नावर ताटावरून उठायचा बाकी राहिला होता.

ब्रेकला मदत करणारा एक गोल डबा गाडीत असतो, त्याला बूस्टर म्हणतात. तो चालतो कशावर? इंजिनाच्या त्याच ओढीवर. मॅनिफोल्डपासून एक जाड रबरी पाइप त्या डब्यात जातो आणि डब्यातली हवा ओढून घेतो. डब्यात मध्ये पडदा असतो. तुम्ही ब्रेक दाबला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा येते, दुसऱ्या बाजूला पोकळी असते, आणि हवेचा दाब तुमच्या पायाच्या मदतीला धावतो. सात इंच व्यासाचा पडदा आणि २० इंच व्हॅक्यूम धरला तर हा जोर हिशेबाने १७० किलोंच्या आसपास भरतो. त्या पाइपला चीर गेली तर दोन गोष्टी एकदम होतात. इंजिनात चोरून हवा शिरते म्हणून ते थरथरते आणि बूस्टरची ओढ कमी होते म्हणून ब्रेक जड होतो. रोग एकच, दुखणी दोन.

सकाळी बॉनेट उघडले. तो पाइप मी महिनाभर वरून बघत होतो. वरून तो काळाभोर, ठणठणीत दिसत होता. इंजिन चालू ठेवून पकडीला फडके गुंडाळले आणि मॅनिफोल्डजवळ तो पाइप दाबून धरला. थरथर तत्क्षणी थांबली. पकड सोडली, पुन्हा सुरू. इंजिन बंद करून पाइप काढला आणि वाकवला. क्लिपच्या अलीकडे, वळणाच्या खालच्या अंगाला, नखाएवढी चीर तोंड उघडून हसत होती. नवा पाइप दीडशे रुपयांच्या आत आला. तो बसवून गाडी सुरू केली तर इंजिन एकदम ओरडू लागले, कारण स्क्रू तीनदा पिळून ठेवलेला! तो उलटा फिरवून जागेवर आणला. ब्रेक लोण्यासारखा झाला. माझा गुडघा अजून दुखतो, पण ब्रेकचे खापर मी त्याच्यावर फोडत नाही.

आता तुमच्या गाडीत हे कसे ओळखायचे? पहिली गोष्ट, हत्यार उचलण्याआधी तीन प्रश्न विचारा.

थरथर उभ्या गाडीतच आहे की रेस दिल्यावरही राहते? भोक तेवढेच असते. पण आयडलिंगला ओढ सर्वांत जास्त आणि एकूण हवा सर्वांत कमी असते, म्हणून तिथे त्या भोकाचा त्रास जास्त होतो. रेस दिली की ओढ कमी होते, एकूण हवा अनेक पटींनी वाढते आणि तो त्रास त्यात बुडून जातो. उभी असताना थरथरते आणि पळताना शहाण्यासारखी पळते, अशी गाडी बहुधा एअर घेत असते. वेगातही झटके येत असतील, चढावर दम तुटत असेल, तर आधी प्लग, प्लगच्या वायरी आणि पेट्रोलचा फिल्टर बघा.

दुसरा प्रश्न, सकाळी थंड असताना कशी चालते? जुन्या गाडीत सकाळी आपण चोक ओढतो, त्याने पेट्रोल जास्त येते. ते जास्तीचे पेट्रोल चोरवाटेच्या हवेला पुरून उरते. म्हणून चोक ओढलेला असताना गाडी छान आणि चोक ढकलल्यावर, गरम झाल्यावर थरथर, ही एअर घेण्याची खूण आहे. याचीच परीक्षाही करता येते. गरम इंजिन थरथरत असताना चोक अगदी थोडा ओढा. इंजिन सावरले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते, म्हणजे कुठून तरी हवा शिरते आहे किंवा आयडलिंगचा जेट तुंबला आहे. उलट ते आणखी गुदमरले तर दुखणे वेगळे आहे.

आणि तिसरा प्रश्न आमच्या सौ.चा. याच्याबरोबर आणखी काय सुरू झाले? ब्रेक जड झाला का? ब्रेक दाबला की इंजिनाचा आवाज बदलतो का? गाडीत कुठे ‘स्स्स’ असा आवाज येतो का?

एक चौथी साक्ष तुमच्या गाडीतच पडलेली असते, ती म्हणजे पीयूसीची पावती. आपण ती फक्त पोलिसाला दाखवायला ठेवतो. जुन्या, बीएस-दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर पेट्रोल जास्त जाते आहे. तो अगदी कमी आणि हायड्रोकार्बन मात्र चढलेला असेल, तर पेट्रोल कमी असूनही न जळता बाहेर पडते आहे, म्हणजे घास पेटत नाहीत. माझ्या ऑगस्टमधल्या पावतीवर हायड्रोकार्बन आधीच्या खेपेच्या जवळजवळ तिप्पट होता आणि कार्बन मोनॉक्साइड निम्म्याहून कमी. दोन्ही आकडे मर्यादेत होते, गाडी पास झाली आणि मी पावती घडी करून ठेवून दिली. रक्ततपासणीचा कागद न वाचता कपाटात ठेवावा, तसे झाले.

आता शोध. आधी सुरक्षिततेचे दोन शब्द. हे काम मोकळ्यावर करा, बंद गॅरेजात नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. सैल बाही, ओढणी, पदर, गळ्यातली साखळी पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ नेऊ नका. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. काही मंडळी चीर शोधायला पेट्रोल किंवा कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मारतात. जिथे हवा शिरते तिथे स्प्रे ओढला जातो आणि इंजिनाचा आवाज बदलतो, हे खरे. पण शेजारी तापलेला सायलेन्सरचा पाइप आणि ठिणगीच्या वायरी असतात. मुलांना मी हे कधी करू दिले नाही. साबणाचे पाणी बाटलीतून जोडांवर थोडेथोडे उडवा. पाणी चिरेत ओढले जाते, क्षणभर ती बुजते आणि आवाज बदलतो. वायरींवर मात्र पाणी नको, नाहीतर नवेच दुखणे जडेल.

सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे हातभर रबरी नळी. एक टोक कानाशी धरा आणि दुसरे टोक जोडाजोडांवरून फिरवा. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच हा. चीर असेल तिथे शीळ ऐकू येते. मग एकेक रबरी पाइप दाबून बघा. जो दाबल्यावर इंजिन सावरते, चोर त्याच वाटेवर आहे. बूस्टरचा जाड पाइप पहिला. मग डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक नळी; तिच्या टोकाच्या डबीतला पडदाही फाटतो. मग इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारा पाइप आणि त्याचा व्हॉल्व्ह. त्यानंतर कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग. इथे अनेकदा फक्त नटबोल्ट सैल झालेले असतात. शेवटी थ्रॉटलची दांडी; ती वर्षानुवर्षे फिरून झिजते आणि तिच्या बाजूने हवा येते. दांडी धरून हलवली तर खेळ जाणवतो. पाइप वरून बघून सोडू नका. काढा, वाकवा, खालची बाजू बघा, टोके बघा. रबर टोकाशी आणि वळणाशी आधी मरते.

चांगल्या गॅरेजमध्ये व्हॅक्यूम गेज असतो. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाची ओढ आयडलिंगला १७ ते २१ इंच पारा एवढी असते आणि काटा स्थिर असतो. उंचीवर दर हजार फुटांना ती साधारण एक इंचाने उतरते. म्हणजे साताऱ्याला, सुमारे चोवीसशे फुटांवर, १५ ते १८ दिसले तर घाबरायचे कारण नाही. महाबळेश्वरला ते आणखी दोन इंचांनी कमी दिसेल. काटा स्थिर पण फारच खाली असेल, तर एक तर गाडी एअर घेते आहे किंवा टायमिंग मागे पडले आहे. काटा ठरावीक तालात झटका देत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह किंवा एखादाच सिलिंडर आजारी आहे. गेज नसेल तर मेकॅनिकला विचारायला लाजू नका.

सगळी थरथर हवेचीच असते असे मात्र नाही. काळवंडलेला प्लग, तडकलेली डिस्ट्रिब्युटरची टोपी, बिघडलेले टॅपेट, एका सिलिंडरचे कमी कॉम्प्रेशन, इतकेच काय, ज्या रबरावर इंजिन बसवलेले असते ते माउंटिंग मेलेले असले तरी गाडी हलते. माउंटिंगच्या दुखण्यात इंजिनाचा ताल एकसारखा असतो, फक्त गाडीचे अंग हलते. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून बघा, भाजणार नाही एवढा लांब. धुराचे ठोके एकसारखे लागत असतील तर माउंटिंग बघा. मध्येच ठोका चुकत असेल तर घास चुकतो आहे.

इंजेक्शनच्या गाड्यांतही ही चोरवाट असतेच. तिथे कॉम्प्युटर असतो आणि तो बिचारा स्क्रू पिळणाऱ्या मेकॅनिकसारखाच वागतो. कमी पडलेले पेट्रोल वाढवून तो दुखणे झाकतो. मग थरथरीऐवजी रेस आपोआप चढते, उतरते. स्कॅनर लावला तर तो किती पेट्रोल वाढवून देतो आहे हे दिसते. आकडा आयडलिंगला मोठा आणि रेस दिल्यावर लहान होत असेल, तर पाइप तपासा, सेन्सर बदलू नका.

आणखी एक गोष्ट अलीकडची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या अंगात ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटर तोच, जेट तोच, तरी मिश्रणात हवेचे पारडे थोडे जड होते. पूर्वी जी बारीक चीर खपून जायची ती आता जाणवू लागते. शिवाय जुन्या गाडीतले पेट्रोलचे रबरी पाइप या इंधनाचा विचार करून बनवलेले नव्हते. वीस-पंचवीस वर्षांची गाडी असेल तर रबर फाटायची वाट बघू नका, सगळे पाइप एकदाच बदलून टाका. आणि बूस्टरला बूस्टरचाच पाइप लावा. बागेच्या नळीचा किंवा पेट्रोलच्या पाइपाचा तुकडा ओढीने आत चिमटतो आणि ऐनवेळी ब्रेक जड होतो. चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे.

जाता जाता एक परीक्षा सांगतो. तिला हत्यार लागत नाही, एक मिनिट लागते. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद. ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. आता ते दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेले तर बूस्टरला ओढ मिळते आहे. खाली गेले नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका. नंतर इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा दाबा. पहिले एक-दोन वेळा पेडल मऊ लागले पाहिजे, कारण डब्यात ओढीचा साठा राहायला हवा. पहिल्याच दाबाला दगड लागला तर कुठेतरी गळती आहे.

माझी गाडी अजून दारात आहे. तिची नोंदणी नूतन करून घेतली आहे आणि कास-बामणोलीपर्यंत ती आम्हाला अजून नेते-आणते. दर पावसाळ्याआधी मी तो पाइप काढून वाकवून बघतो आणि पेडलची ती परीक्षा करतो. सौ. दारात उभी राहून विचारते, “काय म्हणतेय?” मी सांगतो, “सध्या एकच दुखणे, माझा गुडघा.”

तुमच्या गाडीची थरथर कुणी स्क्रू पिळून घालवून दिली तर त्याचे आभार माना, पण तेवढ्यावर घरी येऊ नका. हवा कुठून शिरते ते शोधा, आणि त्याआधी एकदा ब्रेक दाबून बघा.